चार खाचा, दोन पट्ट्या

चार खाचांच्या पाटीवर दोनच पट्ट्या लावा, असं ज्यानं आक्कांना सांगितलं तो त्यांच्या उभ्या आयुष्यात भेटलेला एकमेव प्रामाणिक दुकानदार होता. आणि आक्कांनी नेमकं त्यालाच चोर ठरवलं. ज्यांनी ज्यांनी त्यांना खरोखर फसवलं, त्या सगळ्यांना त्यांनी "बोलायला गोड आहे हो माणूस" म्हणून घरी बोलावून चहा पाजलेला होता.

गोष्ट सुनेच्या कॉम्प्युटरची. सून इमारती काढते. म्हणजे उभ्या करत नाही. उभ्या राहण्याआधी त्या कशा दिसतील ते कॉम्प्युटरवर रंगवते, दारं उघडून दाखवते, खिडकीतून ऊन पाडून दाखवते. आक्कांच्या मते इमारत बांधून झाली की हे सगळं फुकट दिसतंच. पण जगात न लागणाऱ्या गोष्टींनाच पगार जास्त असतो, हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं आणि त्याबद्दल त्या कुणाला दोषही देत नव्हत्या.

तर सुनेच्या कंपनीनं फतवा काढला. घरून काम करायचं असेल तर घरी दणकट कॉम्प्युटर पाहिजे आणि त्याची परीक्षा होणार. सोमवारी सकाळी दहा वाजता सुनेनं घरून कंपनीचं एक तीनशे खोल्यांचं हॉस्पिटल उघडायचं, ते फिरवून दाखवायचं, आणि तीन साहेब पलीकडून बघणार. यंत्र टिकलं तर सून घरी. नाही टिकलं तर ऑफिस ज्या शहरात तिथं कायमचं जाऊन राहायचं. आणि सून गेली म्हणजे मुलगा गेलाच. त्याचं काम कुठूनही होणारं होतं, आणि बायको सोडून राहण्याइतका त्याचा स्वभाव स्वतंत्र नव्हता. तो आक्कांनीच तसा होऊ दिला नव्हता. तसा स्वभाव पुढं आपल्याच उपयोगी पडेल, असा तेव्हा त्यांचा समज होता.

आक्का चारचौघांत म्हणायच्या, "जायचं तर खुशाल जा म्हणावं. आमचं काय अडतंय?" आणि घरात येऊन सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला आठवड्याचे दिवस मोजायला दोनदा बोटं लागत नाहीत; पण आक्का मोजत होत्या.

कॉम्प्युटरचे सगळे भाग सुनेनं मागवले होते. राहिली होती ती रॅम. ज्या जोडीची तिला गरज होती ती बाजारातल्या एकाच दुकानात मिळत होती. सून कामातून उठू शकत नव्हती. मुलगा उठू शकत होता, पण उठला नाही. मग आक्का म्हणाल्या, "मी जाते. या घरात माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आजवर खिळासुद्धा आलेला नाही. तूसुद्धा आलेली नाहीस."

सुनेनं मुकाट्यानं चिठ्ठी लिहून दिली. त्यावर रॅमच्या कंपनीचं नाव, बत्तीसच्या दोन पट्ट्या, वेग सहा हजार. खाली जाड रेघ मारून: 'एकाच डब्यातली जोडी.'

"आई, एवढंच आणा. जास्त नको, कमी नको."

"मला भाजी आणायला पाठवतेयस का? समजलं मला."

समजलं नव्हतं. पण न समजलेल्या गोष्टीवर सल्ला द्यायला शेजारी असतात. जिन्यातच तळमजल्यावरचे ओव्हरसियर भेटले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जिन्याच्या पायरीवर उभे राहतात, जणू कुणी पूल पाडला तर जबाब द्यायला माणूस हजर पाहिजे.

"रॅम म्हणजे काय, आक्का," ते म्हणाले, "समजा टेबल. टेबल जेवढं मोठं तेवढे कागद पसरता येतात. ती झाली क्षमता. कागद किती झटपट हाताला लागतो, तो झाला वेग. तुम्ही टेबल मोठं घ्या. माणूस वेगानं मरतो, टेबलानं नाही."

तेवढ्यात वरून आवाज आला. वरच्या मजल्यावरची बाई कठड्याला रेलून ऐकत होती. तिला घरात काम नसतं असं नाही. पण आक्कांच्या घरातलं काम तिला जास्त जवळचं वाटतं.

"टेबल कसलं डोंबलाचं! वेग घ्या वेग. माझ्या भाच्यानं मोठी क्षमता घेतली आणि आता कॉम्प्युटर चालू करून आंघोळीला जातो."

"तुमचा भाचा आंघोळीला जातो हे ऐकून आनंद झाला," ओव्हरसियर म्हणाले.

आक्कांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं, की टेबलही मोठं घ्यायचं आणि वेगही घ्यायचा. जगातले निम्मे घोळ 'हे की ते' विचारल्यावर 'दोन्ही' म्हणणाऱ्या माणसांनी केलेले आहेत.

दुकानात काचेखाली, घरी सुनेनं मागवलेल्या पाटीसारखीच एक पाटी ठेवलेली होती. दुकानदार डोक्यानं अर्धा पिकलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. "याला मदरबोर्ड म्हणतात, मावशी. सगळं याच्यावरच बसतं," तो म्हणाला. हे आक्कांना पुराव्याशिवाय पटलं. मावशी म्हणालेलं मात्र खटकलं.

मग त्यांना दिसल्या त्या खाचा. एकीला लागून एक, चार उभ्या खाचा.

"चार आहेत की."

"चार असतात. तुम्हाला दोन पट्ट्या लागणार."

"मग उरलेल्या दोन?"

"दोन रिकाम्या राहिल्या तरी चालतं, मावशी."

रिकाम्या! आक्कांच्या कपाळाची शीर उडाली. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या घरात चार खुर्च्यांचं एक जेवायचं टेबल होतं आणि खुर्च्या तीन. चौथी सासऱ्यांनी कुणाला तरी दिली होती. आल्या-गेल्यानं उभ्यानं बोलायचं आणि आक्कांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जेवायचं. सहा वर्षांनी आक्कांनी चौथी खुर्ची आणली, तीही तशीच्या तशी, सुताराच्या डोक्यावर बसून करवून. तेव्हापासून त्यांच्या घरात जागा केली की ती भरायची असा नियम होता. चार खुंट्या तर चार कपडे. चार कप तर चार बशा. मागे एकदा एक बशी फुटली तर त्यांनी कप स्वतः फोडला होता.

"चार द्या," त्या म्हणाल्या.

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "चार लावल्या तर वेग उतरतो हो. पाटीला चौघींना एकदम सांभाळून पळता येत नाही. शिवाय या कंपनीची माझ्याकडे एकच जोडी आहे."

हं! म्हणजे गोम ही होती. माल संपलाय ते सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून वेग उतरतो. आक्कांनी असले पुष्कळ पाहिले होते. चपलेच्या दुकानातला पायाच्या मापाची चप्पल संपली की "सैल वापरा, आरोग्याला चांगली" म्हणतो, तसंच हे.

"दुसऱ्या कंपनीची दाखवा."

"आहे. बत्तीसच्याच दोन, सहा हजारच्याच. पण मावशी, वेगवेगळ्या जोड्या..."

"आकडे तेच आहेत ना?"

"आकडे तेच आहेत."

"मग बांधा."

त्यानं बांधल्या. बांधताना पुन्हा एकदा तोंड उघडलं आणि आक्कांचा चेहरा बघून मिटलं. प्रामाणिक माणसाचं हे असंच असतं. तो दोनदा सांगतो आणि गप्प बसतो. चोर तिसऱ्यांदाही सांगतो.

शुक्रवारी कॉम्प्युटर जोडायला एक बाई आली. चाळिशीची, कमरेला स्क्रू ड्रायव्हरांची पिशवी, आणि बोलणं इतकं कमी की आक्कांना ती आधी उर्मट वाटली आणि मग आजारी. तिनं दोन वेगवेगळ्या डब्या पाहिल्या आणि सुनेकडे पाहिलं. सुनेनं डब्या पाहिल्या आणि आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी छताकडे पाहिलं.

"दोनच लावू?" कॉम्प्युटरवालीनं विचारलं.

"आणि दोन काय कपाटात शोभेला ठेवू?" आक्का म्हणाल्या. "मी माझ्या हातानं आणल्यात त्या."

सून परक्या माणसासमोर सासूला खाली पाहायला लावणारी नव्हती. हा तिचा गुण. आक्का तो सगळ्यांना सांगायच्या. त्या गुणानंच पुढचा सत्यानाश केला. "लावा चारही," ती म्हणाली. "बघू."

चौथी पट्टी बसेना. वर पंख्याचा मोठा ठोकळा आडवा येत होता. पंखा वर सरकवला तर पेटीचं झाकण लागेना. शेवटी झाकण अर्धं उघडं ठेवून काम भागवलं. आप्पा, म्हणजे आक्कांचे यजमान, वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, झाकण लागत नसेल तर आत काहीतरी जास्त झालं असेल." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आप्पा मोजून तीनदा बरोबर बोलले, आणि तीनही वेळा आक्का म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा."

मग बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, काळाच.

"थांबायचं," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "पहिल्यांदा पट्ट्या तपासत बसतो तो. वेळ लागतो." आणि हात धुवायला गेली.

आक्का थांबल्या. आयुष्यभर त्या नळाला पाणी यायची, नवरा बोलायची, मुलगा मोठा व्हायची वाट बघत थांबल्या होत्या. पण यंत्रानं थांबवावं हे त्यांना पटेना. त्यांनी बटण दाबून बंद केलं आणि परत चालू केलं, मिक्सर अडकला की करतात तसं. तपासणी पहिल्यापासून सुरू झाली. बाई परत आली, तिनं कारण ओळखलं, आणि न बोलता त्या बटणासमोर स्वतःची खुर्ची ओढून बसली. हा अपमान आक्कांनी त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर नोंदवला.

शेवटी पडदा उजळला. त्यावर लिहिलं होतं: एकशे अठ्ठावीस. आक्कांनी ते मोठ्यानं वाचलं आणि वरचीला ऐकू जावं म्हणून पुन्हा वाचलं. दुप्पट! सुनेनं मागितलं त्याच्या दुप्पट! सून मात्र त्याच्या खालचा आकडा वाचत होती. वेग: छत्तीसशे.

"सहा हजारच्या आहेत ना?" मुलानं विचारलं.

"चार लावल्या ना," सून म्हणाली, आणि वाक्य तिथंच सोडलं.

शनिवारी सकाळी तिनं वेग वाढवून सहा हजार केला. कॉम्प्युटर अकरा मिनिटं वाऱ्यासारखा पळाला आणि फोटोत अडकल्यासारखा थांबला. परत चालू केला, पाच मिनिटं पळाला, थांबला. सून हळूच म्हणाली, "आई, दुसऱ्या कंपनीची जोडी काढून बघते."

"म्हणजे तुझ्या दोन राहणार आणि माझ्या दोन जाणार."

"तसं नाही हो..."

"मग कसं? माझ्यातच दोष आहे का? असेल तर कंपनीकडून लिहून आणते." आणि आक्कांनी आपल्या दोन पट्ट्या काढायला लावल्या, रुमालात गुंडाळल्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे निघाल्या. मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा काय ते." त्याचं हे वाक्य घराच्या दारावर पाटी म्हणून लावायला हरकत नव्हती.

सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन मिळालं एक्काहत्तर. चालू होतं एकोणीस. तिथं बसलेल्या माणसांची तोंडं दवाखान्यातल्यापेक्षा वाईट होती, कारण दवाखान्यात निदान आपला दोष नाही याची खात्री असते. तीन तासांनी खिडकीशी नंबर लागला. आतला कारकून सभ्य होता. सभ्य म्हणजे तो मान वर न करता बोलत होता.

"दोष काय?"

"कॉम्प्युटर थांबतो."

त्यानं पट्ट्या आत नेल्या, अर्ध्या तासानं आणल्या. "या उत्तम आहेत. दोन्ही पूर्ण वेगानं चालतात."

"तेच मी म्हणते! मग घरी का थांबतो?"

"घरी एकट्याच असतात का?"

"नाही. दुसऱ्या दोन आहेत. त्या सुनेच्या... म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या."

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. "आजी, या आपल्या ठिकाणी चांगल्या, त्या आपल्या ठिकाणी चांगल्या असतील. एकत्र नांदत नाहीत."

"मग तसं लिहून द्या."

त्यानं फॉर्म फिरवून दाखवला. मोडली, जळली, बंद पडली, हरवली. "एकत्र नांदत नाहीत याला रकाना नाही. दोष असेल तर बदलून देतो. दोष नसेल तर दोष नाही असा कागद देतो."

"द्या कागद."

तो त्यानं दिला. गोल शिक्का, तिरकी सही, आणि मधोमध ठळक अक्षरांत: 'दोष आढळला नाही.' आक्कांनी तो दोनदा वाचला. चौथीनंतर त्यांच्या हातात आलेलं हे पहिलंच प्रमाणपत्र. चौथीचं बापानं चुलीत घातलं होतं, पुढं शाळेत जायचंच नव्हतं म्हणून.

घरी येऊन त्यांनी तो कागद सुनेच्या कीबोर्डवर ठेवला. "वाच. शिक्क्यानिशी आहे."

सुनेनं वाचला. "आई, दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं. या चांगल्याच आहेत. फक्त चौघी एकत्र लावल्या की..."

"चौघी एकत्र लावल्या की काय? बोल ना. बोल सगळं."

सुनेनं तोंड उघडलं. जिन्यात वरचीची पावलं वाजली आणि यांच्याच दारापाशी थांबली. सुनेनं तोंड मिटलं. "काही नाही. लावते परत. वेग मध्यावर ठेवते, निभावेल."

रविवारभर निभावलं. आक्का दर तासानं येऊन बघत होत्या आणि "चाललाय ना?" विचारत होत्या. चालला होता. संध्याकाळी ओव्हरसियर येऊन अर्ध्या उघड्या झाकणातून आत डोकावले आणि म्हणाले, "भार वाटला गेलाय. उत्तम." पूलसुद्धा ते असेच पास करत असतील.

सोमवारी दहाला आक्का सुनेच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसल्या. दाराची बेल काढून ठेवली. आप्पांना खोकायला स्वयंपाकघरात पाठवलं. आतून सुनेचा आवाज येत होता, असा स्पष्ट आणि ठाम आवाज की आक्कांना तो ओळखूच येईना. घरात ती असं कधी बोलली नव्हती. "हा अपघात विभाग. इथून वळलं की लिफ्ट. ही भिंत काढली तर खाटा आठ वाढतात." साहेब काही विचारत होते, ती उत्तर देत होती, एकदा तर साहेबाला म्हणाली, "नाही, तुमचं चुकतंय." आक्कांच्या छातीत काहीतरी ताठ झालं. साहेबाला! आमची सून!

पाऊण तास झाला. तिसरा मजला आला.

"एक मिनिट हं," सून म्हणाली.

मग, "एक मिनिट."

मग नुसते पंखे ऐकू येत राहिले.

दार उघडून ती बाहेर आली, माठातलं पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला. "बंद पडला," एवढंच म्हणाली. 'तुमच्यामुळे' म्हणाली असती तर आक्कांपाशी उत्तर तयार होतं, चांगलं तीन मिनिटांचं. ते उत्तर तसंच घशाशी राहिलं आणि अजूनही कधी कधी जेवताना लागतं.

कंपनीचं पत्र दुपारी आलं. काम उत्तम आहे, यंत्र भरवशाचं नाही. नियमाप्रमाणे घरून कामाचा अर्ज पुन्हा एक वर्षानं करता येईल. तोवर पहिल्या तारखेपासून ऑफिसात हजर व्हावं. आक्का म्हणाल्या, त्या साहेबाला फोन लाव, मी शिक्क्याचा कागद वाचून दाखवते. मुलगा म्हणाला, "आई." फक्त एवढंच. यावेळी 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणाला नाही. ठरलं होतं.

महिनाअखेरीस कॉम्प्युटरवाली पुन्हा आली. प्रवासात मोडू नये म्हणून पंख्याचा ठोकळा उतरवून सगळं नीट बांधायचं होतं. त्याआधी सुनेनं सांगितलं म्हणून तिनं दोन पट्ट्या काढल्या, आक्कांच्या, आणि एकदा चालू करून पाहिलं. पडदा लगेच उजळला. चौसष्ट. खाली: सहा हजार. सुनेनं तेच हॉस्पिटल उघडलं. तीनशे खोल्यांची दारं एकामागून एक सळसळत उघडत गेली, तिसरा मजला आला आणि गेला, गच्ची आली, गच्चीवर सुनेनं पाडलेलं ऊन आलं. कुठे काही अडलं नाही. पेटीचं झाकणही बसलं.

सगळे बघत होते. कुणी आक्कांकडे बघत नव्हतं. इतकं न बघणं आक्कांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कॉम्प्युटरवालीनं दोन पट्ट्या पुसून त्यांच्या डबीत घातल्या आणि आक्कांच्या हातात दिल्या. "चांगल्या आहेत," ती म्हणाली. आक्कांना कळलं की ही बाई उर्मट नव्हती, आजारीही नव्हती.

निघताना सून पाया पडली. "येत जा हो आई तिकडे. जागा लहान आहे, पण येत जा." आक्का म्हणाल्या, "बघू. मला इथलं सोडून कुठं जमतंय." गाडी वळेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही, वळल्यावर हलवला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वरची आली. एवढे दिवस कठड्यावरून जे दिसलं नाही ते जवळून बघायला. आप्पा टेबलाशी बसले होते, समोर आक्का.

"गेले वाटतं? काय झालं हो नक्की? भांडणबिंडण? माझ्यापाशी बोला, मी कुणाला सांगायची नाही. चूक कुणाची होती?"

आक्कांनी टेबलावरच्या पट्ट्यांच्या डबीखालून शिक्क्याचा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. वरचीनं चष्मा शोधला, शिक्का पाहिला, ओठ हलवत वाचला, उलटून मागचं कोरं पान पाहिलं, आणि काहीही न समजून मान डोलावली. मग ऐसपैस बोलायला म्हणून तिनं टेबलाची तिसरी खुर्ची ओढली.

"ती नको," आक्का म्हणाल्या. "ते स्टूल घे भिंतीजवळचं."

"अहो पण या दोन तर रिकाम्याच आहेत!"

आक्कांनी खुर्ची पुन्हा टेबलाखाली सारली आणि आप्पांच्या बशीत चहा ओतला.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "दोन रिकाम्या राहिल्या तरी चालतं."